पाडव्याच्या ताटातली काकडी

माझ्या सासूबाई रोज सकाळी सूर्याला पाणी घालायच्या आणि घालता घालताच त्याला शिव्या द्यायच्या. हातात तांब्या, डोक्यावर पदर, आणि तोंडात, "मेल्या, दोन दिस कुठं उलथला होतास?" थंडी लांबली की सूर्य ‘मेला’, लवकर तापला की ‘मुडदा’. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या सकाळी हे ऐकून मला वाटलं, बाई नवऱ्याशी बोलतेय. तसं वाटायला जागा होती, कारण दोघांशी त्या एकाच आवाजात बोलायच्या.

अर्थात आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलायचे. घराला लागून आमचीच आठ पॉवरलूमची शेड. लूम चालू असताना साधं "चहा घे" म्हणायचं तरी भांडल्यासारखं ओरडावं लागे. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती आणि ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की खडखडाट एकदम थांबायचा, पण आमचे आवाज थांबायचे नाहीत. त्यामुळे आमच्याकडे काय शिजलंय आणि कोणाचं पोट बिघडलंय हे गल्लीला रोज कळायचं. मी कल्याणच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. पहिले सहा महिने मला वाटत होतं, ही माणसं माझ्यावर चिडलीयत. नंतर मीही तशीच ओरडायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "आता रुळलीस."

घराच्या मागे दीडेक गुंठ्याचा तुकडा होता. त्याला परस म्हणायचे. हायवेकडची भाताची जमीन सासऱ्यांनी कधीच गोडाऊनवाल्यांना देऊन टाकली होती. घरावर मजला चढला होता, जिन्याला चकचकीत फरशी लागली होती आणि त्या फरशीवरून सासूबाई दोनदा घसरल्या होत्या. पण परसाला कोणी हात लावायचा नाही. तिथे मिरची, भेंडी, चवळी, आणि मांडवावर काकडी. काकडी म्हणजे बाजारातली हिरवी गुळगुळीत नव्हे. सासूबाईंच्या माहेराहून, खारबावकडून आलेलं बी होतं ते. आखूड, फिकट, अंगावर बारीक काटे, आणि चिरली की शेजारच्या घरात वास जायचा.

दर वर्षी एक काकडी वेलावरच पिवळी होऊ द्यायची, तिचं बी काढून राखेत घोळायचं, शेणाच्या गोळ्यात खोचायचं आणि तो गोळा भिंतीवर थापायचा. उंदीर नाही, कीड नाही, बी वर्षभर जिवंत. नव्या घराच्या रंगवलेल्या भिंतीवर सासऱ्यांनी थापू दिला नाही, म्हणून शेडच्या मागच्या भिंतीवर थापलेला असायचा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा घाण समजून खराट्याने खरवडायला घेतला होता. त्या दिवशी सूर्य सुटला आणि त्याच्या वाट्याच्या शिव्या मला मिळाल्या.

बी लावायचा मान फक्त त्यांचा. त्यांचं म्हणणं, कोणाच्या हाताला गुण असतो, कोणाच्या नसतो, आणि लावून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. माझी परीक्षा पहिल्याच वर्षी झाली. मिरचीची बारा रोपं माझ्या हाताने लावली आणि चार दिवसांत बाराच्या बारांनी माना टाकल्या. "तुझ्या हाताला गुन न्हाय गो," सासूबाई म्हणाल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्यांनी ते माझ्या चुलत जावेला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं आणि माझ्या आईला फोन करून सांगितलं. तेव्हापासून मला पाणी घालायची आणि गवत उपटायची परवानगी होती, बियाला शिवायचं नाही. मी हसण्यावारी न्यायचे. पण खरं सांगू का, लागायचं. फर्स्ट क्लासमध्ये बी.कॉम. झालेल्या बाईला मिरचीने नापास करावं म्हणजे काय!

त्या वर्षी सासऱ्यांनी टेम्पो घेतला, विणून झालेले कापडाचे तागे बाजारात पोचवायला. टेम्पो रस्त्यावर उभा राहायचा आणि रोज कोणीतरी त्याला घासून जायचं. एकदा आरसा गेला, एकदा मागचा दिवा. सासरे संध्याकाळी टेम्पोभोवती प्रदक्षिणा घालून नवे ओरखडे शोधायचे आणि मग त्यांची नजर परसाकडे वळायची.

"तेवढ्या जागेत काँक्रीट टाकलं तर टेम्पो आत येल."

"माझ्या मढ्यावरून येल," सासूबाई म्हणायच्या.

हे महिनाभर चाललं. जेवताना, चहा पिताना, लूम चालू असताना, लूम बंद असताना. शेवटी संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ तोंडात धरूनच सासऱ्यांनी पैज लावली. "गुढीपाडव्याला माझ्या ताटात परसातली काकडी दिसली तर जागा तुझी. पुन्ना नाव काढनार न्हाय. न्हाय दिसली तर टेम्पोची."

"काकडी खाऊन मर," सासूबाई म्हणाल्या. म्हणजे पैज लागली. गोड बोलायच्या सणाला आमच्याकडे इतकंच गोड बोलणं व्हायचं.

माझं म्हणाल तर मी मनातून टेम्पोच्या बाजूची होते. खोटं कशाला बोलू! नवऱ्याने मला स्कूटी घेऊन द्यायचं कबूल केलं होतं, आणि टेम्पो आत आला की त्याच्या शेजारी स्कूटी सावलीत राहील असा माझा साधा हिशोब होता. सासूबाईंना मात्र पैजेची धास्ती नव्हती. बी लावल्यापासून दीड महिन्यात काकडी हातात येते आणि पाडवा अडीच महिन्यांवर होता. पौष संपता संपता त्यांनी मांडवाखाली आळी केली, बी पुरलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता बघते."

बघितलं ते हवेने. आमच्याकडे थंडी म्हणजे पाहुणी. पेटीतून स्वेटर काढेपर्यंत परत जाते. त्या वर्षी ती मुक्कामाला आली. सकाळी खाडीकडून धुकं यायचं ते दहा वाजेपर्यंत हलायचं नाही, पलीकडची शेड दिसायची नाही. रोज सकाळी पाण्याचे तांबे आणि शिव्या दोन्ही वाढत गेले. "पांघरून घेऊन निजलाय मुडदा!" नवव्या-दहाव्या दिवशी सासूबाईंनी बोट घालून माती उकरली. बी कुजून गिळगिळीत झालं होतं.

त्या सरळ शेडच्या मागे गेल्या आणि भिंतीवरच्या गोळ्यातून बी काढायला लागल्या. मी बाजूला उभी होते. तीन बिया त्यांनी तशाच ठेवल्या.

"या पण लावा ना," मी म्हटलं.

"सगलं बी कदी टाकायचं न्हाय. भिंत रिकामी ठेवायची न्हाय."

दुसरी पेरणी झाली आणि तिसऱ्या दिवशी थंडी अशी पळाली की जणू तिला कोणी हाकललं. एकदम ऊन. चौथ्या दिवशी दोन-दोन पानं वर. सासूबाई इतक्या खूश झाल्या की सूर्याला पाणी घालताना नुसतं "आलास बाबा?" म्हणाल्या. दोन दिवस टिकलं ते. मग ऊन वाढत गेलं, वारा सुटला, आणि कोवळी पानं दुपारी कागदासारखी व्हायला लागली. पाणी दोन वेळा द्यावं लागे, आणि नेमकी त्याच वेळी वीज जायची. पंप बंद. टाकीतून बादल्या भरून न्यायच्या. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून बादल्या माझ्या. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. माझे दंड गोडाऊनमधल्या हमालासारखे झाले. नवरा म्हणाला, "आता तुझ्याशी भांडायची भीती वाटते."

त्यात लूमची रुई. शेडमधून उडालेला कापसाचा भुगा वाऱ्याबरोबर येऊन वेलांवर बसायचा, पानं म्हाताऱ्याच्या दाढीसारखी पांढरी. ती रोज सकाळी ओल्या फडक्याने एकेक पुसायची. वेलाची पानं पुसणारी बाई मी तरी कल्याणला पाहिली नव्हती, आता ती बाई मीच होते. फाल्गुन लागला आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसती उबट हवा, आणि तिसऱ्या दिवशी पानांच्या मागे मावा, काळी, चिकट कीड. सासूबाईंनी चुलीतली राख चाळून आणली आणि मला पानं उलटी धरायला मांडवाखाली उभं करून वरून उडवली. वाऱ्याने निम्मी माव्यावर पडली, निम्मी माझ्यावर. माव्याचं माहीत नाही, माझी खोकून खोकून वाट लागली.

पण मावा गेला. फुलं आली. पहिली दहा-बारा फुलं निव्वळ नर, त्यांना फळ धरत नाही. सासूबाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "बाप्ये! आदी येऊन बसतात, काम काय न्हाय." हे त्यांनी सासऱ्यांच्या कानावर जाईल अशा बेताने म्हटलं. मग मादी फुलं आली, आणि एका सकाळी फुलांच्या मागे करंगळीएवढ्या काकड्या दिसल्या. अकरा. मी मोजल्या. दुसऱ्या दिवशी परत मोजल्या. भांडी घासताना मध्येच हात धुऊन मोजून यायचे. मी टेम्पोची बाजू कधी सोडली ते मलाच कळलं नाही. चाळीस बादल्या रोज वाहणाऱ्या बाईला कुठली आली स्कूटी!

पाडव्याला आठ दिवस उरले होते. सासूबाईंनी हिशोब केला, सहा दिवसांत दोन-तीन तरी ताटात येण्याएवढ्या होतील. मी म्हटलं, "समजा नाहीच झाल्या तर पडघ्याच्या बाजारातून एखादी आणू. चिरून ठेवली की कोणाला कळतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य गिळलं. "त्याला अक्कल न्हाय," त्या म्हणाल्या, "पन जीभ हाय."

दुसऱ्या दिवशी त्या गणेशपुरीला गेल्या. तिथे त्यांची बहीण असते, आणि गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवले की महिनाभर बरं वाटायचं. एक रात्र राहून परत. एसटीला जाताना दारातून ओरडल्या, "पानी घाल. आनि बाकी कशाला हात लावू नको."

मी हात लावला.

दुपारी टीव्हीवर दाखवत होते, नाशिककडे गारा पडल्या, द्राक्षांचा चुराडा झाला. चार वाजता आमच्याकडे आभाळ काळं झालं. वारा सुटला, शेजारच्या पत्र्याचा तुकडा उडाला. सासरे टेम्पो घेऊन बाजारात, नवरा गोडाऊनमध्ये ड्युटीवर, वीज गेलेली, कामगार चहाला. घरात मी एकटी आणि मागे अकरा काकड्या. ताडपत्री शोधली तर ती टेम्पोवर. शेडमध्ये धावले. तिथे विणून झालेल्या कोऱ्या कापडाचे तागे रचले होते. चांगलं जाड, कडक कापड. एक तागा खांद्यावर घेतला आणि धावत जाऊन सगळ्या मांडवावर वरून खालपर्यंत पसरला, कडा विटांनी दाबल्या. वा रे मी!

आता यातली गोम सांगते. सूत लूमवर चढवायच्या आधी त्याला खळ पाजतात, म्हणजे विणताना धागा तुटत नाही. कोरं कापड कडक असतं ते या खळीमुळे. ते अजून धुतलेलं नसतं. लूमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी तीन वर्षं त्या घरात राहून कापड कडक आहे म्हणजे मजबूत आहे असं समजत होते.

पाऊस वीस मिनिटं पडला. टपोरे थेंब, गार एकही नाही. मी दारात उभी राहून बघत होते आणि खरं सांगते, इतक्या अभिमानाने माझा ऊर कधी भरून आला नव्हता. नवऱ्याला फोन करून म्हटलं, "तुझ्या आईची काकडी मी वाचवली!" आभाळ मोकळं होईना म्हणून कापड रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी आठ वाजताच ऊन रणरणत होतं. मांडवाकडे गेले तर कापड वेलांवर पापडासारखं वाळून बसलेलं. खळ भिजून विरघळली होती, पानांवर, फुलांवर, कोवळ्या शेंड्यांवर ठिबकली होती, आणि आता वाळून चिकटली होती. मी एक कोपरा धरून उचलला. कापडाबरोबर पानं आली. अजून थोडा उचलला, फुलं आली. मग एक करंगळीएवढी काकडी देठासकट आली. मी कापड सोडून दिलं आणि आत जाऊन पाण्याची बादली आणते म्हणेपर्यंत गल्लीतल्या बकऱ्यांना खळीचा वास लागला. कुंपणातून चार बकऱ्या आत. त्या कापड चघळत होत्या, आणि कापडाला चिकटलेला वेलही.

मी हाकलत होते, एक गेली की दुसरी येत होती, आणि तेवढ्यात सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी, केस अजून ओले. पाठोपाठ सासरे शेडमधून बाहेर आले. त्यांना एक तागा कमी दिसला होता. बकरीच्या तोंडात त्यांना तो सापडला.

"तागा कोनी काढला?" सासरे ओरडले. लूम चालू नव्हते, तरी इतक्या मोठ्याने.

मी बकरीच्या तोंडातून कापड ओढत राहिले.

"मी सांगलेलं तिला," सासूबाई म्हणाल्या. "आबाल आलं तर तागा टाक, म्हनून. माजी चूक."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. बकरीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि आत निघून गेले.

मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. एवढी मोठी जीभ माझी, दूधवाल्यापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना पुरून उरणारी, नेमकी तेव्हा टाळूला चिकटली. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज वाटली. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी जगले असते. त्यांनी कात्री आणली आणि खाली बसून कापड कापून वेल मोकळे करायला लागल्या. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. "पानी बंद कर. टाकी संपल."

दोन वेल तगले, पण आठवड्यात त्यांना काय धरणार? पाडव्याच्या सकाळी सासूबाईंनी तांब्या घेतला, सूर्याला पाणी घातलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या गप्प होत्या. मला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या वतीने आपणच सूर्याला चार शिव्या द्याव्यात.

गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली. सासऱ्यांच्या ताटात डावीकडे मीठ होतं, लिंबू होतं, आणि काकडीची जागा सासूबाईंनी रिकामी सोडली होती. कोबीसुद्धा वाढला नाही तिथे. सासरे जेवले. ताटं उचलताना सासूबाईच म्हणाल्या, "मानसं बोलव. टाक तुजं काँक्रीट."

चार दिवसांनी माणसं आली. खडी पडली, सिमेंटची पोती आली, मांडवाचे बांबू उपटून कुंपणाला टेकवले. सासूबाई पुढच्या खोलीत बसून तांदूळ निवडत होत्या, निवडलेलेच परत निवडत होत्या. मला ते बघवेना. मी तडक मागे गेले, सासरे कामगारांना उतार समजावत होते.

"बाबा, तागा मी टाकला होता. आईंनी सांगितलं नव्हतं. त्यांची काकडी हरली नाही, मी घाण केली."

"म्हाईत हाय," सासरे म्हणाले.

"माहीत आहे?"

"तीस वर्सं लूमच्या घरात हाय ती. ती कोरं कापड पावसात टाकायला सांगल? खोटं बोलायची पन अक्कल न्हाय तुज्या सासूला."

माझं डोकंच फिरलं. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"टेम्पो पायजेल होता," सासरे म्हणाले. निदान प्राणी प्रामाणिक होता. मग खाली बघत म्हणाले, "आनि तुज्यासमोर बोलली ती. तिला सुनेसमोर खोटी पाडू?"

मी शेडमध्ये गेले. तिथे रंगाचा एक रिकामा निळा ड्रम पडला होता. करवतीने त्याचं बूड कापलं, वरचा निम्मा भाग कापला. तासभर लागला, हाताला फोड आले, पण बादल्या वाहून कमावलेले दंड कधी कामाला येणार? ड्रम ओढत नेला आणि शेडच्या मागच्या भिंतीला लागून, शेणाच्या गोळ्याच्या बरोबर खाली, मातीत रोवला.

"एवढं राहील," मी म्हटलं.

"टायर लागल त्याला."

"लागू दे."

सासऱ्यांनी ड्रमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग कामगारांकडे वळून म्हणाले, "उसको छोडके डालो."

टेम्पो आत आला. आठ दिवसांनी दुपारी जेवताना सासऱ्यांनी सवयीने विचारलं, "काकडी हाय का?"

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "टेम्पो हाय. चिरून देऊ?"

सासरे मान खाली घालून जेवत राहिले. मी हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि ठसका लागला. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, बाई जिवंत आहे.

ड्रमबद्दल त्या मला वर्षभर काही बोलल्या नाहीत. फक्त चहाचा चोथा त्यात पडायचा, तांदळाचं धुवण पडायचं, माशाचं पाणी पडायचं. पावसाळ्यात त्यात गवत उगवलं की ते उपटलेलं दिसायचं. मी काही विचारलं नाही. संक्रांत झाली, थंडी त्या वर्षी आलीच नाही, पौषातच पंखा लावावा लागला. एका सकाळी त्यांनी मला मागे हाक मारली. भिंतीवरचा गोळा फोडला होता. हातावर तीन बिया होत्या.

"तू लाव," म्हणाल्या.

"माझ्या हाताला गुण नाही ना?"

"न्हाय. पन माजं गुडघं वाकत न्हाय."

तासाभरापूर्वी त्या मोरीत उकिडव्या बसून बोंबील साफ करत होत्या. सासरे खरं म्हणाले होते, खोटं बोलायची अक्कल त्यांना नव्हती. मी खाली बसले आणि बिया लावल्या. मिरचीच्या बारा रोपांना लागला नसेल तेवढा वेळ त्या तीन बियांना लागला. "भिंत रिकामी झाली," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "बघू."

पाचव्या दिवशी दोन उगवल्या. सासूबाई सूर्यासमोर उभ्या राहून ओरडल्या, "मेल्या, आता जरा बेतानं!" ते ऐकून चुलत जाऊ मागच्या दाराने आली, टेम्पोच्या चाकाशी उगवलेली ती दोन-दोन पानं बघितली आणि विचारलं, "कोनी लावली ही?"

"सुनेनं."

"हिच्या हाताला गुन न्हाय म्हनायचीस ना? मेली म्हंजे?"

"जगली तर सुनेनं लावली," सासूबाई म्हणाल्या. "मेली तर मी."

मी तोंड फिरवलं, आणि टेम्पो पुढे घे, ऊन अडवतोयस, म्हणून टेम्पोवर नव्याने ठेवलेल्या ड्रायव्हरवर उगाचच ओरडले.